तक्रार चेक-आउटच्या आधी

हॉटेलबद्दलच्या बहुतेक तक्रारी हॉटेलवाल्याच्या कानावर जातच नाहीत. त्या परतीच्या गाडीत होतात, शेजाऱ्यांकडे होतात, नाहीतर घरी आल्यावर रागाच्या भरात दिलेल्या एका स्टारमध्ये होतात. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र ‘जाऊ दे, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे’ यावर विषय मिटतो. रात्रीचे चार हजार मोजलेलं कुटुंब गार न होणाऱ्या एसीखाली घामाघूम होत पडून राहतं आणि खाली रिसेप्शनवरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्या टोकाला चहा कोमट आला म्हणून लॉबी डोक्यावर घेणारे पाहुणे असतात. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो, पण रात्री खरोखरच गिझर बंद पडतो तेव्हा त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये वागायला एक साधा नियम पुरतो. हॉटेलने जे कबूल केलं होतं ते मिळत नसेल, किंवा ज्यामुळे तुमची झोप, तब्येत वा सुरक्षितता बिघडते असं काही असेल, तर ते दुरुस्त करायला हॉटेलच्या हातात वेळ असतानाच सांगा. बाकीचं सोडून द्या, किंवा निघताना सूचना म्हणून सांगा.

तक्रार की नुसती नावड?

बोलण्याआधी बुकिंगचा कागद किंवा ॲपवरचं पान उघडून पाहा. तिथे ‘एसी खोली’, ‘सी व्ह्यू’, ‘नाश्ता समाविष्ट’, ‘जादा गादी’ असं लिहिलेलं असेल आणि समोर ते नसेल, तर ती तक्रार आहे. डागाळलेली चादर, न लागणारी कडी, तुंबलेलं बाथरूम, ढेकूण यांच्यासाठी तर कागद पाहायचीही गरज नाही. स्वच्छ आणि सुरक्षित खोली ही कुठल्याही दरात गृहीतच धरलेली असते.

काही गोष्टी मात्र त्या जागेच्या असतात, हॉटेलच्या नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत तिथलं पांघरूण दमट लागणारच. पण भिंतीला बुरशी आली असेल, तर ती हवामानाच्या खात्यावर टाकता येत नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. पुढे सामान वाहून न्यावं लागलं, हा हॉटेलचा दोष नाही. मालवणात जून-जुलैत ताजी सुरमई मिळाली नाही म्हणून खानावळीच्या मालकाला धारेवर धरण्यात अर्थ नाही, कारण त्या दोन महिन्यांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मात्र बर्फातली मासळी ताजी म्हणून त्याच भावाने वाढली असेल, तर जरूर बोला.

पाण्याच्या बाटलीवरून नेहमी वाद होतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले, असं पाहुण्याचं म्हणणं असतं. हॉटेल आणि रेस्टॉरंट नुसती बाटली विकत नाहीत, जागा आणि सेवाही देतात, म्हणून छापील किमतीचं बंधन त्यांना तसं लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. ही लढाई जिंकणं अवघड आहे. ती शक्ती दुसरीकडे वापरा.

उरतो तो मधला प्रकार. वेटर उशिरा आला, टॉवेल दोनदा मागावा लागला, रिसेप्शनवरचा मुलगा हसला नाही. एकदा झालं तर सोडून द्या. तेच दुसऱ्यांदा झालं, तर शांतपणे सांगा.

पहिली पंधरा मिनिटं

खोलीत शिरल्या शिरल्या बॅगा उघडू नका आणि मुलांना पलंगावर उड्या मारू देऊ नका. आधी एसी चालू करा, गिझर लावा, फ्लश आणि दोन्ही नळ पाहा. दाराची कडी, खिडकीचं लॉक, इंटरकॉम तपासा. चादर कोपऱ्यातून उचलून गादीच्या शिवणीकडे नजर टाका. ढेकणांचे काळपट ठिपके तिथेच दिसतात.

ही घाई कशासाठी? न वापरलेली खोली बदलून देणं हॉटेलला सोपं जातं. तुम्ही अंघोळ केली, पलंग वापरला की त्यांना दोन खोल्या साफ कराव्या लागतात आणि हाऊसकीपिंगकडून नकार येतो. दुसरं कारण घड्याळाचं आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सकाळी दहा-अकराला खोल्या रिकाम्या होतात आणि बारा ते दोनच्या दरम्यान नव्या पाहुण्यांना दिल्या जातात. दुपारी चारपर्यंत बदलून द्यायला एखादी खोली हाताशी असते. शनिवारी रात्री नऊला लोणावळ्यात किंवा अलिबागला ती नसते. तेव्हा मॅनेजरला कितीही वाटलं तरी तो फार काही करू शकत नाही.

सांगायचं ते रिसेप्शनवर सांगा. रूमबॉय ‘हो साहेब, बघतो’ म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण खोली बदलण्याचा किंवा बिल कमी करण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याच्यावर ओरडणं म्हणजे चुकीच्या माणसावर ओरडणं. रिसेप्शनच्या हातात नसेल, तर ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव विचारून घ्या आणि तक्रार लॉगबुकात लिहून घ्यायला सांगा. मोठ्या हॉटेलांत दुपारी तीनच्या आणि रात्री अकराच्या सुमारास पाळी बदलते. तोंडी सांगितलेली गोष्ट तिथेच हरवते.

काय बोलावं?

चांगल्या तक्रारीत तीन गोष्टी येतात: काय बिघडलंय, कधीपासून, आणि तुम्हाला काय हवंय. उदाहरणार्थ:

‘खोली नंबर २०४. एसी अर्धा तास चालू आहे, पण खोली गार होत नाही. सहापर्यंत दुरुस्त होईल का? नसेल होणार, तर दुसरी खोली द्या.’

यात ‘काय फालतू हॉटेल आहे’ नाही, ‘मी कोण आहे माहीत आहे का’ नाही आणि ‘रिव्ह्यूत बघून घेतो’ही नाही. विशेषणं काढून टाकली की समोरच्याला बचाव करावा लागत नाही, कामाला लागता येतं. वेळ ठरवून मागितल्याने पुढचं पाऊल टाकणंही सोपं होतं. सहा वाजले आणि काहीच झालं नाही, तर दुसऱ्यांदा बोलताना वाद घालावा लागत नाही. फक्त घड्याळ दाखवायचं.

मागणीचा क्रम आधी दुरुस्ती, मग खोली बदल, मग पैशांत सवलत असा ठेवा. दुसरी खोली, उशिरा चेक-आउट, एखादं जेवण हे हॉटेलला सहज देता येतं. रोख परतावा द्यायला त्याला सगळ्यात जड जातं. मागणी बिघाडाच्या मापाची असावी. दोन रात्रींपैकी एका रात्री गरम पाणी आलं नाही, तर त्या रात्रीच्या भाड्यात सवलत मागणं रास्त आहे. पूर्ण सहलीचा खर्च मागितला की ऐकणाऱ्याला तक्रारही खोटी वाटू लागते.

रात्रीचे प्रश्न

रात्री उठून रिसेप्शनला फोन करायचा संकोच अनेकांना वाटतो. तिथला माणूस त्याच कामासाठी जागा असतो. शेजारच्या खोलीत गोंधळ चालू असेल, तर स्वतः जाऊन दार वाजवू नका, रिसेप्शनला सांगा. हॉटेलच्याच लॉनवर लग्नाचा डीजे चालू असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारने ठरवलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवसांना तेवढी मध्यरात्रीपर्यंत सूट असते. व्यवस्थापनाने ऐकलं नाही, तर ११२ वर फोन करा.

काही गोष्टी तक्रारीच्या पलीकडच्या असतात आणि तिथे मॅनेजरच्या उत्तराची वाट पाहायची नसते. खोलीत छुपा कॅमेरा सापडला, कुणी दुसऱ्या चावीने दार उघडायचा प्रयत्न केला, कर्मचाऱ्याने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, तर थेट पोलीस. कॅमेऱ्याला हात लावू नका. फोटो काढा, खोलीबाहेर पडा आणि ११२ लावा. स्त्रीचे खासगी क्षण तिच्या नकळत पाहणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ‘आपण आपसात मिटवू’ या विनवणीला तिथे जागा नाही.

एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी एक लहान गोष्ट लक्षात ठेवावी. काउंटरवर चार लोकांसमोर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला गेला, तर लगेच दुसरी खोली मागा आणि नंबर कागदावर लिहून द्यायला सांगा. ही मागणी अवाजवी नाही.

ताटातली तक्रार

जेवणाची तक्रार पहिल्या दोन घासांत करायची असते. अख्खी थाळी संपवून ‘मासा बरोबर नव्हता’ म्हटलं, तर कुणीही विश्वास ठेवणार नाही. वास येत असेल, आतून कच्चं असेल, काही सापडलं असेल, तर खाणं थांबवा, ताट उचलू देऊ नका, फोटो काढा आणि मॅनेजरला ताट दाखवा. चवीचा प्रश्न वेगळा. कोल्हापुरात तांबडा रस्सा तिखट लागला, ही तक्रार होत नाही. मागवतानाच ‘दादा, तिखट कमी चालेल’ म्हणावं.

जेवणानंतर दोघा-तिघांना एकदम उलट्या-जुलाब झाले, तर हॉटेलला कळवा, डॉक्टरांकडे जा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी व जेवणाचं बिल दोन्ही जपून ठेवा. अन्नाच्या दर्जाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. प्रत्येक खाद्यगृहाचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक दर्शनी भागात लावलेला असायला हवा आणि तो बिलावरही असतो. तक्रारीत तो क्रमांक घाला.

बिल रात्रीच मागा

सकाळी टॅक्सी दारात उभी असते, मुलं कंटाळलेली असतात आणि त्या घाईत बिल भरलं जातं. म्हणून आदल्या रात्रीच कच्चं बिल मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. न घेतलेलं मिनीबारचं पेय, दुसऱ्या खोलीची लाँड्री, ठरलेल्यापेक्षा जास्त लावलेली जादा गादी, या चुका त्या वेळी दोन मिनिटांत दुरुस्त होतात.

खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के. पूर्वीचा १२ टक्के दर अजून दिसला, तर विचारा.

सेवाशुल्क ही वेगळी गोष्ट आहे, तो कर नाही. हॉटेल-रेस्टॉरंटांनी ते बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. सेवा आवडली असेल, तर टीप आनंदाने द्या. पण न विचारता लावलेलं सेवाशुल्क काढायला सांगताना ओशाळू नका. ‘हे काढून नवीन बिल द्या’ एवढं वाक्य पुरतं.

भिंतीवरच्या ‘सामानाची जबाबदारी आमची नाही’ या पाटीलाही फार घाबरू नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्याने गाडी पार्किंगसाठी कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिली आणि ती चोरीला गेली. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की गाडी हॉटेलच्या ताब्यात असताना स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येणार नाही. तेव्हा चावी दिल्यावर मिळालेली पावती जपून ठेवा.

बुकिंग ॲपवरून असेल तर

पैसे आधीच ॲपला भरले असतील, तर हॉटेलचा मॅनेजर ते परत देऊ शकत नाही, कारण ते त्याच्याकडे अजून आलेलेही नसतात. म्हणून रिसेप्शन आणि ॲप, दोन्हीकडे एकाच वेळी सांगा आणि खोली सोडण्याआधी सांगा. फोनपेक्षा चॅट बरं, कारण ते लिखित राहतं. खोलीचा फोटो आणि जाहिरातीतला फोटो शेजारी शेजारी पाठवा.

एक सापळा विशेष लक्षात ठेवा. गर्दीच्या दिवसांत हॉटेल म्हणतं, ‘तुमचं बुकिंग आमच्याकडे दिसत नाही, तुम्ही ॲपवरून रद्द करा.’ करू नका. तुम्ही रद्द केलं की नोंद ‘पाहुण्याने रद्द केलं’ अशी होते आणि परताव्याचं गणित बदलतं. रिसेप्शनवर उभे असतानाच ॲपच्या लोकांना चॅटवर कळवा, हॉटेलने नकार दिल्याचं त्यांच्याकडून नोंदवून घ्या आणि पर्यायी खोली मागा. ‘ॲपवरचं रद्द करा, रोख द्या, स्वस्तात देतो’ हा प्रस्तावही नाकारा. पुढे काही बिघडलं, तर तुमच्या हातात एकही कागद राहत नाही.

घरगुती मुक्कामाची रीत वेगळी

दिवेआगर, गुहागर, देवबागेतल्या घरगुती मुक्कामात मालक, मॅनेजर आणि आचारी बहुधा एकाच घरातले असतात. तिथे ड्यूटी मॅनेजर मागण्यात काही अर्थ नाही. इतर पाहुण्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगावं: ‘वहिनी, बाथरूमचं पाणी तुंबलंय, कुणाला तरी पाठवता का?’ ‘काका, रात्री इन्व्हर्टर बंद पडला, आज बघून घ्याल ना?’ अशा घरांत दहापैकी नऊ गोष्टी तेवढ्यावर मार्गी लागतात. उकडीचे मोदक ऐनवेळी मिळाले नाहीत म्हणून रुसू नका. ते आदल्या दिवशी सांगायचे असतात.

पण घरगुती म्हणून सुरक्षिततेत सूट देऊ नका. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि हवा जायला खिडकी किंवा झरोका नसेल, तर तिथे अंघोळ करू नका आणि मालकांना स्पष्ट सांगा. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. इथे ‘यजमानांना वाईट वाटेल’ हा विचार बाजूला ठेवायचा.

घरी आल्यावर

मुक्कामात सांगूनही काही झालं नसेल, तर आठवड्याच्या आत हॉटेलला ईमेल करा. तारीख, खोली नंबर, बुकिंग क्रमांक, कुणाला कधी सांगितलं, फोटो, आणि नेमकी किती रक्कम परत हवी, एवढं एका पानात मावतं. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. अनेक वाद इथेच मिटतात, कारण हेल्पलाइन तक्रार थेट कंपनीपुढे ठेवते. तिथेही जमलं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. हॉटेल गोव्यात असलं आणि तुम्ही नाशिकला राहत असाल, तर तक्रार नाशिकला करता येते. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. कबूल केलेली सेवा नीट न मिळणं, याला कायद्याच्या भाषेत ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. तुम्ही त्याच रात्री सांगितलं होतं आणि तरी हॉटेलने काही केलं नाही, हे दाखवता आलं, तर तुमची बाजू कितीतरी भक्कम होते. मुक्कामात गप्प राहिलेल्या पाहुण्याला हॉटेलचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की सांगितलं का नाही.

रिव्ह्यू शेवटी लिहा. त्यात तारीख, घटना आणि हॉटेलने काय केलं, एवढंच असू द्या. चूक झाली आणि त्यांनी तासाभरात दुरुस्त केली, तर तेही लिहा, कारण पुढच्या पाहुण्याला तीच माहिती जास्त उपयोगी असते. ‘सवलत द्या, नाहीतर एक स्टार देतो’ ही धमकी कधीच देऊ नका. तिने खरी तक्रारही खंडणीसारखी दिसू लागते.

निघताना काउंटरवर विचारतात, ‘स्टे कसा होता, सर?’ आपण सवयीने ‘छान, छान’ म्हणतो आणि कार्ड पुढे करतो. त्याऐवजी दोन वाक्यं खरी बोला. तोवर मोठ्या तक्रारी बोलून झालेल्या असतील, तर उरतात त्या सूचना: आरशावरचा दिवा मंद आहे, नाश्ता आठऐवजी साडेसातला सुरू करा. आणि रात्री अकराला न कुरकुरता जादा गादी आणून देणाऱ्या मुलाचं नाव मॅनेजरला सांगा. तक्रार लॉगबुकात लिहून घ्यायला लावतो, तसं हे नावही लिहून घ्यायला सांगा.